नवी दोन टीबी हार्ड डिस्क, जुनं एक्सपी: पार्टिशन एक्सपीला करू देऊ नका

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना फक्त हो की नाही एवढंच हवंय त्यांचा वेळ जायला नको. दोन टीबीची ही नवी साटा हार्ड डिस्क माझ्या विंडोज एक्सपीच्या मशीनवर गेले आठ महिने उत्तम चालली आहे. आवाज कमी, फारशी तापत नाही, एकही फाइल खराब झालेली नाही. पण पहिले पाच दिवस हीच डिस्क इतकी संथ चालत होती की मी ती परत करायला खोक्यात भरली होती. नंतर फरक पडला तेव्हा डिस्क तीच होती, केबल तीच होती, मशीनही तेच. बदलली होती फक्त एक गोष्ट: पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला भाग, कितव्या सेक्टरपासून, म्हणजे डिस्कवरच्या कितव्या छोट्या कप्प्यापासून, सुरू होतं ती. माझे ते पाच दिवस दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ३.५ इंची, ५४०० आरपीएमची, साधी घरगुती वापराची डिस्क आहे, आणि पुढे जे सांगणार आहे ते त्या वर्गातल्या आजच्या जवळजवळ सगळ्याच डिस्कना लागू पडतं.

आता पहिला प्रश्न येणारच, की एक्सपी अजून कशाला? भाचा तर दर भेटीत विचारतो, "मावशी, तू नवीन मशीन का घेत नाहीस?" कारण माझा निगेटिव्ह स्कॅनर. तो स्कझी नावाच्या जुन्या जोडणीच्या कार्डावर चालतो, कार्ड मदरबोर्डवरच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसतं, आणि त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे कुणी लिहिलाच नाही. नव्या मदरबोर्डवर पीसीआय स्लॉट मिळणं मुश्कील. स्कॅनर मात्र अजून असा काम करतो की सावलीतला दाणान् दाणा दिसतो. बाबांनी काढलेले ३४० रोल माझ्याकडे आहेत, प्रत्येक रोलच्या पाकिटावर त्यांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने तारीख आणि दोन-चार शब्द. ते सगळे स्कॅन होईपर्यंत हे मशीन चालू ठेवायचं, हे मी ठरवलेलं आहे. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केला, त्यामुळे या मशीनला इंटरनेट जोडत नाही. ते फक्त स्कॅनरचं मशीन आहे.

४००० डीपीआयला ३५ मिमीची एक फ्रेम साधारण ५६७० बाय ३७८० पिक्सेलची होते. १६ बिट रंगात, टिफमध्ये, एका फ्रेमचे सुमारे १२८ एमबी. ३६ फ्रेमचा रोल म्हणजे साडेचार जीबीच्या आसपास. जुनी डिस्क १६० जीबीची, त्यात तीसएक रोल मावले आणि ती भरली. शिवाय तिचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पाहिला तर रिअलोकेटेड, म्हणजे खराब होऊन बदललेल्या, सेक्टरचा आकडा दर आठवड्याला वाढत होता. म्हणजे जागाही हवी होती आणि बदलीही.

दोन टीबीच का, हे विचारपूर्वक ठरवलं होतं, आणि एक्सपीवाल्यांनी इथे थोडं थांबावं. ३२ बिट एक्सपी फक्त एमबीआर पद्धतीची, म्हणजे पार्टिशनची यादी जुन्या रीतीने लिहिलेली, डिस्क वाचतं. एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात, म्हणजे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर. एक सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर २.२ टीबीला भिंत लागते. दोन टीबीच्या डिस्कवर ३,९०,७०,२९,१६८ सेक्टर असतात, ती भिंतीच्या आत आरामात बसते. तीन टीबीची घेतली तर काही जुन्या मशीनवर ती फक्त ७४६ जीबीची दिसते. आकडा ४२९ कोटींच्या पुढे गेला की मोजणी पुन्हा शून्यावरून सुरू होते आणि वर उरलेलं तेवढंच पदरात पडतं. त्याहून वाईट म्हणजे काही ड्रायव्हर मर्यादेपलीकडचं लिखाण डिस्कच्या सुरुवातीला नेऊन टाकतात, आणि आधीचा डेटा त्याच्याखाली गाडला जातो. जीपीटी ही यादीची नवी पद्धत घेऊन मोठी डिस्क वापरावी म्हटलं तर ३२ बिट एक्सपी तिच्यावर 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' एवढंच लिहून दाखवतं आणि आत जाऊ देत नाही. एक्सपीची ६४ बिट आवृत्ती जीपीटीवरचा डेटा वाचते, पण ती फार थोड्यांकडे आहे आणि तीही जीपीटीवरून बूट होत नाही.

काही बाहेरून लावायच्या यूएसबी डिस्कच्या डब्यांत एक युक्ती असते. डबा विंडोजला सेक्टर ५१२ नव्हे तर ४०९६ बाइटचा आहे असं सांगतो, म्हणून त्याच ३२ बिटांत आठपट जागा मावते आणि एक्सपीवर तीन-चार टीबीही दिसतात. मला ही युक्ती पटत नाही. उद्या डबा बिघडला आणि आतली डिस्क काढून थेट साटाला लावली, तर तिथे सेक्टर पुन्हा ५१२ चा, आणि पार्टिशन टेबलचा हिशोब पूर्ण चुकीचा ठरतो. बाबांचे फोटो मी अशा डब्याच्या भरवशावर ठेवणार नाही.

एसएसडीचा विचारही केला होता. पण एक्सपी ट्रिमची (कोणती जागा पुसून मोकळी झाली ते एसएसडीला कळवायची) आज्ञा देत नाही, ती सोय विंडोज ७ पासून आली. आणि स्कॅनच्या कामात मोठ्या फाइली एकदा लिहायच्या असतात. त्याला फिरती डिस्क पुरते.

बसवण्याबद्दल थोडक्यात: चार स्क्रू, एक साटा केबल, झालं. नवी डिस्क ६ गिगाबिटची, माझा बोर्ड ३ गिगाबिटचा. दोघांनी आपसात जुळवून घेतलं. पहिल्या पिढीतल्या काही बोर्डांवर, विशेषतः व्हीआयएच्या व्हीटी८२३७ चिपवर, ही जुळवाजुळव होत नाही आणि डिस्क दिसतच नाही. तिथे डिस्कवर जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावून तिला १.५ गिगाबिटवर आणावं लागतं. ज्यांचा बोर्ड तसा आहे त्यांनी घेण्याआधी डिस्कवर तशी जंपरची सोय आहे का ते पाहावं. माझ्या जुन्या पॉवर सप्लायला साटाचा एकच प्लग होता, म्हणून मोलेक्स ते साटा अडॅप्टर घेतला. तो घेताना तारा मागून दिसतात असा, क्रिंप केलेला घ्या. प्लास्टिक ओतून बंद केलेल्या प्रकारात आतल्या तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं आहेत.

पहिला अडथळा डिस्कचा नव्हता, पण मी तो डिस्कच्या नावावर लिहिला होता. कॅबिनेट उघडलंच आहे तर बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची) सीआर२०३२ बॅटरीही बदलून टाकली. मशीन सुरू केलं, एक्सपीचा लोगो आला आणि लगेच निळा पडदा. तळाशी आकडा ०x००००००७बी. नवी डिस्क काढली तरी तेच. दोन तास गेल्यावर लक्षात आलं, की बॅटरी काढल्यामुळे बायोसच्या सेटिंग मूळ पदावर गेल्या होत्या आणि साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची रीत, जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर आला होता. एक्सपीकडे स्वतःचा एएचसीआय ड्रायव्हर नसतो. त्याला डिस्कपर्यंत पोहोचायचा रस्ताच सापडत नाही आणि ते तिथेच कोसळतं. बायोसमध्ये जाऊन पुन्हा आयडीई केलं आणि मशीन मुकाट सुरू झालं. एक्सपी सीडीवरून नव्याने घालणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मोड आयडीई ठेवा, नाहीतर एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागतो. आणि सीडी सर्व्हिस पॅक १ च्याही आधीची असेल तर कितीही मोठी डिस्क १२७ जीबीच दिसेल, तेव्हा सर्व्हिस पॅक आत घातलेली सीडी वापरा.

मग मुख्य प्रकरण.

माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मॅनेज, डिस्क मॅनेजमेंट. नवी डिस्क काळ्या पट्टीत दिसली, १८६३ जीबी. दोन टीबीचे १८६३ का, याने घाबरू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. एक्सपीने विचारलं, इनिशियलाइज करू का? हो म्हटलं. नवं पार्टिशन, एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडायची पद्धत), क्विक फॉर्मॅट. दोन मिनिटांत डी ड्राइव्ह तयार. इतकं सरळ झालं की मला बरं वाटलं, आणि मी लगेच कॉपी लावून दिली.

टिफ फाइलींचा एक रोल जायला दोन मिनिटं पन्नास सेकंद लागली. जुन्या डिस्कचा वेग पाहता याच्या निम्म्या वेळाची अपेक्षा होती, पण म्हटलं असेल काहीतरी. मग कॅटलॉगचं फोल्डर लावलं, त्यात लहान प्रिव्ह्यूच्या अकरा हजारांवर फाइली, प्रत्येक तीस-चाळीस केबीची. चौतीस मिनिटं. डिस्कच्या पोटातून सतत खुरखुर ऐकू येत होती, हेड एकाच जागी पुढेमागे करतोय तशी. स्कॅन सेव्ह होतानाही स्कॅनरचं सॉफ्टवेअर मध्येच गोठायचं. केबल बदलली, पोर्ट बदलला. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर उत्तर मिळालं की आम्ही विंडोज एक्सपीला सपोर्ट देत नाही. तिसऱ्या वाक्याला फोन संपला.

पाचव्या रात्री डिस्कचं लेबल नीट वाचलं. एका कोपऱ्यात 'एएफ' अशी छोटी खूण होती. ॲडव्हान्स्ड फॉर्मॅट. तिथे सगळा उलगडा झाला.

पूर्वी डिस्कवरचा सेक्टर ५१२ बाइटचा असायचा. २००९ च्या अखेरीस पहिल्या घरगुती ॲडव्हान्स्ड फॉर्मॅट डिस्क आल्या, आणि २०११ पासून नव्या डिस्क त्याच पद्धतीने करायच्या असं डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ठरवलं. या डिस्कवर आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो. जुन्या सिस्टिमना समजावं म्हणून डिस्क वरवर मात्र ५१२ बाइटचेच सेक्टर दाखवते, म्हणजे एका खऱ्या सेक्टरच्या पोटात आठ दाखवायचे सेक्टर. इथपर्यंत काही बिघडत नाही. बिघडतं ते एक्सपीच्या एका जुन्या सवयीमुळे. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं. ही ६३ ची गोष्ट फार जुनी आहे. बायोसमध्ये एका ट्रॅकवरच्या सेक्टरचा क्रमांक ६ बिटांत लिहायचे, मोजणी १ पासून, म्हणून एका ट्रॅकला जास्तीत जास्त ६३ सेक्टर. पहिला ट्रॅक एमबीआरसाठी सोडायचा आणि पुढच्या ट्रॅकपासून पार्टिशन मांडायचं. त्या काळी ते बरोबरच होतं. पण ६३ ला ८ ने भाग जात नाही.

याचा अर्थ मला माझ्या टेबलावरच कळला. बाबांच्या एका रोलच्या पट्ट्या लॅबने चुकीच्या जागी कापल्या आहेत. निगेटिव्ह सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्यांत कापतात आणि कात्री दोन फ्रेममधल्या कोऱ्या रेघेवर चालायला हवी. त्या रोलमध्ये ती रेघेच्या थोडी पुढे चालली आहे. त्यामुळे प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला मागच्या फ्रेमचा अर्धवट तुकडा आणि शेवटी पुढच्या फ्रेमची एक चिंधी. कापलेली एक फ्रेम स्कॅन करायची तर दोन पट्ट्या काढाव्या लागतात, दोन्ही होल्डरमध्ये लावाव्या लागतात, मग जोडायचं. एक्सपीने डिस्कवर केलेलं पार्टिशन हुबेहूब तसं आहे, फरक इतकाच की इथे पट्टीच्या टोकाची एखादी नव्हे, प्रत्येकच फ्रेम कापली जाते. एनटीएफएसचा क्लस्टर, म्हणजे फाइलींना जागा देण्याचा सर्वांत लहान तुकडा, ४ केबीचा, म्हणजे खऱ्या सेक्टरच्या नेमका मापाचा. पण सुरुवात ६३ वर असल्याने प्रत्येक क्लस्टरचा एक अष्टमांश एका खऱ्या सेक्टरमध्ये पडतो आणि सात अष्टमांश पुढच्यात. एक क्लस्टर लिहायचा तर डिस्कला दोन सेक्टर आधी वाचावे लागतात, त्यातला हवा तेवढा भाग बदलावा लागतो आणि दोन्ही परत लिहावे लागतात. वाचून लिहायचं म्हणजे तबकडीचा तोच भाग पुन्हा हेडखाली येईपर्यंत थांबणं आलं. ५४०० आरपीएमला एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. मोठी फाइल सलग लिहिताना डिस्क कॅशमध्ये (स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत) बरंच सावरून घेते, म्हणून टिफला फटका कमी बसला. लहान फाइलींना कॅश वाचवत नाही. ती खुरखुर याचीच होती.

तुमच्या मशीनवर काय आहे ते पाहायला डिस्क उघडावी लागत नाही. स्टार्ट, रन, तिथे 'एमएसइन्फो३२' टाइप करा. डावीकडे कंपोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स. उजवीकडे 'पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट' शोधा. माझ्याकडे ३२,२५६ होता, म्हणजे ६३ गुणिले ५१२. या आकड्याला ४०९६ ने पूर्ण भाग जायला हवा, आणि इथे ७.८७५ येतात. व्हिस्टापासून पुढच्या विंडोज पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू करतात, तो आकडा दिसतो १०,४८,५७६, म्हणजे बरोबर एक एमबी. भाग जातो २५६ वेळा, बाकी शून्य. नव्या विंडोजवर ही डिस्क पहिल्या मिनिटापासून पळते ती यामुळे.

मग उपाय अगदी साधा निघाला: पार्टिशन दुसऱ्याकडून करून घ्यायचं, एक्सपीला तयार द्यायचं. एक्सपी पार्टिशन करताना ६३ धरतं, पण दुसऱ्याने २०४८ वर केलेलं पार्टिशन ते कुरकुर न करता वापरतं. मी जीपार्टेड या पार्टिशन करायच्या प्रोग्रामची लाइव्ह सीडी लावून मशीन थेट तिच्यावरून बूट केलं. जुनं पार्टिशन काढलं (पाच दिवसांची कॉपी जुन्या डिस्कवर होतीच). पार्टिशन टेबलचा प्रकार 'एमएस-डॉस' निवडला. इथे जीपीटी निवडलंत तर एक्सपीला डिस्क वाचता येणार नाही. नवं पार्टिशन करताना खाली 'अलाइन टू' असा पर्याय असतो, त्यात 'एमआयबी' ठेवायचं, 'सिलिंडर' नाही. सिलिंडर निवडलं की पुन्हा ६३ चाच हिशोब लागतो. दोन पार्टिशन केली, पहिलं ६० जीबीचं, दुसरं उरलेलं सगळं.

एक्सपीत परत येऊन दोन्ही एनटीएफएसने फॉर्मॅट केली. फॉर्मॅटने सुरुवातीचा सेक्टर हलत नाही, तो पार्टिशन डिलीट करून नवं केलं की बदलतो. एमएसइन्फो३२ उघडलं: १०,४८,५७६. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तेच दोन फोल्डर पुन्हा कॉपी केले. टिफचा रोल एक मिनिट पस्तीस सेकंद, तो वेग जुन्या डिस्कच्या वाचनाचा आहे, त्याहून कमी होणारच नव्हता. आणि चौतीस मिनिटांचं ते प्रिव्ह्यूचं फोल्डर अकरा मिनिटांत. खुरखुर गेली. खुर्चीवरून उठून कॅबिनेटला कान लावला, तेव्हा कुठे डिस्क फिरत असल्याचं कळलं.

काही कंपन्यांनी सुरुवातीच्या काळात यासाठी वेगळी सोय दिली होती. कुठे ७-८ पिनवर जंपर लावला की डिस्क आतल्या आत एक सेक्टर सरकवून घ्यायची, कुठे पार्टिशन जागेवर सरकवून देणारं सॉफ्टवेअर यायचं. माझ्या डिस्कबरोबर यातलं काही नव्हतं. जुन्या डिस्कवर जंपर सापडलाच तर एक लक्षात ठेवा: पार्टिशन २०४८ वर केलं असेल तर तो जंपर लावू नका, बरोबर बसलेलं पुन्हा एकाने सरकेल.

पुढच्या महिन्यात जुन्या डिस्कने टिकटिक सुरू केली, तेव्हा एक्सपीही नव्या डिस्कच्या त्या ६० जीबीत हलवलं. यात दोन ठिकाणी अडकायला होतं. एक्सपी ड्राइव्हची अक्षरं रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या सेटिंगच्या नोंदवहीत, 'माउंटेड डिव्हायसेस' नावाच्या कळीखाली लिहून ठेवतं, आणि तिथे डिस्कची सही आणि पार्टिशनचा सुरुवातीचा ऑफसेट अशी जोडी असते. नव्या डिस्कवर दोन्ही बदलतात. मग एक्सपी स्वतःच्या घराला सी म्हणायला तयार होत नाही, आणि लॉगिनच्या निळ्या पडद्यावर अडकून बसतं. म्हणून हलवण्याआधी जुन्या डिस्कवर शेवटचं बूट केलं तेव्हा रजेडिटमध्ये त्या कळीची प्रत काढून ठेवली, आतल्या नोंदी पुसल्या आणि मशीन बंद केलं. पुढच्या बूटला एक्सपी त्या नोंदी नव्याने करतं. दुसरं म्हणजे बूट सेक्टरमध्येही सुरुवातीचा आकडा लिहिलेला असतो. जीपार्टेडने पार्टिशन कॉपी केलं, त्यावर 'बूट' फ्लॅग लावला, जुन्या डिस्कची केबल काढली, नवी तिच्या पोर्टवर लावली. एक्सपीची सीडी घालून 'आर' दाबून रिकव्हरी कन्सोलमध्ये गेले, आधी 'फिक्सएमबीआर', मग 'फिक्सबूट'. फिक्सएमबीआर एक भीतीदायक इशारा देतं, मास्टर बूट रेकॉर्ड ठरावीक पद्धतीचा दिसत नाही आणि पार्टिशन हातचं जाऊ शकतं असा. माझा हात तिथे बराच वेळ 'वाय'वर थांबला होता. जुनी डिस्क बाजूला सुरक्षित आहे हे स्वतःला बजावलं आणि दाबलं. काही गेलं नाही. पहिलं बूट होईपर्यंत जुनी डिस्क अजिबात लावू नका, दोन्ही एकदम दिसल्या की अक्षरांचा गोंधळ हमखास होतो.

आता डिस्कबद्दल बोलायचं तर आठ महिन्यांत स्मार्टमध्ये रिअलोकेटेड सेक्टर शून्य. सलग तीन-चार तास स्कॅनिंग झाल्यावरही तापमान ३८ अंशांच्या वर गेलेलं नाही. रात्री खोलीत ती चालू आहे हे कळत नाही. पाचपैकी चार तारे. एक तारा मी त्या खोक्यातल्या घडीपत्रिकेसाठी कापला आहे. बारा भाषांत तीच दोन चित्रं, केबल कुठे लावायची एवढंच. पार्टिशन एक एमबीवर सुरू करा, ही एक ओळ त्यात मावली असती. डिस्क स्वतः ५१२ चं सोंग घेते ते जुन्या सिस्टिमसाठीच ना? मग त्या सिस्टिमवर ती नीट कशी लावायची हे सांगणंही कंपनीचंच काम आहे. मी डिस्क परत पाठवली असती तर त्यांच्या नोंदीत 'संथ, सदोष' एवढंच राहिलं असतं, आणि तिच्यात दोष तर काहीच नव्हता.

कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी एक चिठ्ठी चिकटवली आहे, माझ्यानंतर कुणी हे मशीन उघडलं तर: 'पार्टिशन २०४८ पासून. एक्सपीतून डिलीट करू नये.'

काल १४३ वा रोल झाला. तोच, चुकीच्या जागी कापलेला. मुद्दाम मागे ठेवला होता. त्यातली अठरावी फ्रेम दोन पट्ट्यांतून दोनदा स्कॅन केली आणि जोडली. अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे आहेत, दोरीच्या कडेने पाण्याचे थेंब लोंबताहेत, आणि मागे पाठमोरी आई. पाकिटावर बाबांनी लिहिलंय, 'पाऊस थांबल्यावर'. जोडलेली फाइल डी ड्राइव्हवर सेव्ह व्हायला तीन सेकंद लागले.